हाकेच्या अंतरावरची हिरवळ

सर्वसाधारण वॉर्डात रोग्याला दाखल करताना त्याचे नातेवाईक खिडकीजवळच्या खाटेसाठी जी खटपट करतात, वॉर्डबॉयपासून मेट्रनपर्यंत ज्या विनवण्या आणि रदबदल्या चालतात, त्यांच्याकडे वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ एक निरुपद्रवी हट्ट म्हणूनच पाहिले. रोग्याला उजेड मिळावा, वारा लागावा, यापलीकडे त्या हट्टात काही तथ्य असेल आणि ते आकड्यांत मांडता येईल, अशी कल्पना कोणी फारशा गांभीर्याने केली नव्हती. ती रॉजर उलरिच या अमेरिकन संशोधकाने केली, आणि तीही नवा प्रयोग न मांडता, एका रुग्णालयाचे जुने दप्तर चाळून. पेनसिल्व्हेनिया राज्यातील त्या उपनगरी रुग्णालयाची रचना योगायोगाने अशी होती की, काही खोल्यांच्या खिडकीसमोर पानझडी झाडांचा एक लहानसा पुंजका होता, तर तशाच मापाच्या आणि तशाच सामानाच्या दुसऱ्या खोल्यांच्या खिडकीसमोर तपकिरी विटांची भिंत उभी होती. 1972 ते 1981 या काळात तेथे पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांतून वय, लिंग, धूम्रपानाची सवय अशा बाबतींत एकमेकांशी जुळणाऱ्या 23 जोड्या उलरिच यांनी निवडल्या. जोडीतला एक झाडे पाहत पडून राहिलेला, दुसरा भिंत पाहत. झाडांवर पाने असतात त्याच महिन्यांतले रोगी घ्यायचे, एवढी खबरदारीही त्यांनी घेतली.

1984 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. झाडे दिसणारे रोगी शस्त्रक्रियेनंतर सरासरीने 7.96 दिवसांनी घरी गेले, भिंत दिसणारे 8.70 दिवसांनी, मधल्या दिवसांत पहिल्या गटाला तीव्र वेदनाशामके कमी लागली, आणि परिचारिकांनी लिहून ठेवलेल्या शेऱ्यांत रोगी रडवेला आहे, अस्वस्थ आहे, त्याला सारखा धीर द्यावा लागतो अशा आशयाच्या नोंदी दुसऱ्या गटाच्या वाट्याला तिपटीहून अधिक आल्या. 46 रोगी ही संख्या मोठी नव्हे, आणि पाऊण दिवसाचा फरक ऐकून एखादा हिशेबी वाचक हसेलही. परंतु ते शेरे लिहिताना परिचारिकांना पुढे कोणी झाडांचा हिशेब मांडणार आहे याची वार्ताही नव्हती, आणि रोग्यांनी झाडांसाठी काहीच केले नव्हते; ते चालले नाहीत, फिरले नाहीत, त्यांनी शुद्ध हवा घेतली नाही, केवळ काचेपलीकडचे पाहिले. म्हणूनच या लहानशा निबंधाने पुढच्या चाळीस वर्षांच्या संशोधनाचे दार उघडले.

केवळ पाहिल्याने काय होते, याचे एक उत्तर मिशिगन विद्यापीठातील स्टीफन आणि रेचेल कॅप्लन या दांपत्याने मांडले आहे. त्यांच्या मते अवधान दोन प्रकारचे असते. एक आपण हट्टाने, जोर लावून धरून ठेवतो. संध्याकाळी दादर स्टेशनच्या पुलावरून उतरणारा मनुष्य समोरचा धक्का, खिशातले पाकीट, कर्कश घोषणा आणि फलाटाचा बदललेला क्रमांक या साऱ्यांचे भान एकाच वेळी राखतो, तेव्हा खर्च होते ते हे अवधान, आणि ते खर्च होत होत संपते. दुसरे अवधान मागितल्याशिवाय जाते: हलणाऱ्या पानांकडे, पाण्याकडे, फांदीवरून फांदीवर उड्या मारणाऱ्या खारीकडे. ते वापरले जात असताना पहिल्याला विसावा मिळतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात 2015 साली 38 जणांवर केलेल्या एका प्रयोगात काहींना झाडाझुडपांच्या वाटेने आणि काहींना रहदारीच्या रुंद रस्त्याने दीड तास चालवले, तेव्हा पहिल्या गटात एकच चिंता मनात पुन्हा पुन्हा घोळवत बसण्याची वृत्ती कमी झाल्याचे आढळले, आणि मेंदूच्या पुढच्या भागातील, त्या वृत्तीशी संबंधित अशा एका केंद्राची हालचालही मंदावलेली दिसली. दुसऱ्या गटात तसे घडले नाही. चालणे दोघांचेही सारखेच होते.

आपल्याकडे प्रकृतीसाठी निसर्गाकडे जाण्याची रूढी जुनीच आहे, पण ती हवापालटाची. ज्याची ऐपत होती त्याने देवळाली, पाचगणी, माथेरान गाठावे, महिना-पंधरा दिवस राहून रंग सुधारून यावे आणि पुन्हा वर्षभर धुरात आणि धुळीत बुडावे, असा हा शिरस्ता होता. निसर्ग ही दूरची, विकतची आणि प्रसंगोपात्त घ्यायची गोष्ट आहे, ही समजूत त्यातूनच पक्की झाली असावी. नव्या संशोधनाचा कौल मला नेमका याच्या उलट दिशेला पडलेला दिसतो. इंग्लंडमधील सुमारे 20,000 लोकांच्या जबान्यांवर आधारलेल्या, 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, आठवड्यातून एकंदर दोन तास तरी हिरव्या परिसरात घालवणाऱ्या लोकांनी आपली प्रकृती आणि समाधान चांगले असल्याचे सांगण्याचे प्रमाण स्पष्टपणे अधिक आढळले, आणि ते दोन तास एकदम घालवले की रोज थोडे थोडे, याने काही फरक पडला नाही. रोजची सतरा-अठरा मिनिटे झाली की हिशेब पुरा होतो. त्यासाठी माथेरानची गाडी पकडावी लागत नाही.

अर्थात कोणताही चिकित्सक वाचक येथे हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. ज्याची प्रकृती मुळात धडधाकट आहे तोच पुण्यात पहाटे वेताळ टेकडी चढतो, संधिवाताने जखडलेला घरी बसतो. तेव्हा टेकडीने माणूस निरोगी झाला की निरोगी माणूस टेकडीवर गेला, हे निव्वळ पाहणीतून कसे ठरावे? शिवाय चांगल्या झाडांच्या वस्तीत पैसेवाले राहतात, आणि पैसा हे स्वतःच एक जालीम औषध आहे. हा पेच सोडवण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे औषधाची परीक्षा घेतात तशी हिरवळीची परीक्षा घेणे. आणि फिलाडेल्फिया शहरात ती घेतली गेली.

त्या शहरात कारखाने बंद पडून ओस पडलेल्या वस्त्यांत हजारो रिकामे भूखंड आहेत, आणि अशा भूखंडांचे जे होते तेच तेथेही होते: कचरा, मोडके सामान, रात्रीची नको ती ये-जा. संशोधकांनी असे 541 भूखंड घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे तीन भाग केले. पहिल्या भागातील भूखंड साफ करून, सपाट करून, तेथे गवत पेरले, थोडी झाडे लावली, भोवती बुटके लाकडी कुंपण घातले आणि नियमित देखभाल ठेवली; दुसऱ्या भागात फक्त कचरा उचलला; तिसऱ्याला हातच लावला नाही. आसपास राहणाऱ्या लोकांना आधी आणि नंतर त्यांच्या मनःस्थितीविषयी विचारले. 2018 साली निष्कर्ष छापून आला तो असा की, हिरवळ केलेल्या भूखंडांच्या शेजाऱ्यांत खिन्न वाटण्याच्या तक्रारी, काहीच न केलेल्या भूखंडांच्या शेजाऱ्यांच्या मानाने, 41.5 टक्क्यांनी घटल्या, आणि दारिद्र्यरेषेखालील वस्त्यांत ही घट त्याहूनही मोठी होती. केवळ कचरा उचलला तेथे मात्र लक्षात घेण्याजोगा फरक पडला नाही. एका भूखंडाचा खर्च सुमारे 1,600 डॉलर. म्हणजे तिकडच्या एखाद्या रुग्णालयात थोडेसे राहून येण्यासही तो पुरला नसता. मला या प्रयोगातील सर्वांत बोलकी गोष्ट ही वाटते की, त्या शेजाऱ्यांना कोणीही बागेत जाण्याचा उपदेश केला नव्हता. ते आपल्या रोजच्या वाटेने जात-येत होते. बदलले होते ते वाटेवरचे दृश्य.

परीक्षेचा दुसरा प्रसंग एका कीटकाने आणून दिला. 2002 साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात आशिया खंडातून आलेला, पाचूसारखा चमकणारा एक भुंगेरा सापडला, ज्याच्या अळ्या ‘अ‍ॅश’ जातीच्या वृक्षांना सालीखाली पोखरून झाड काही वर्षांत वाळवून टाकतात. या भुंगेऱ्याने तेथील रस्तेच्या रस्ते उघडे केले आणि कोट्यवधी झाडे घेतली. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधकांनी 15 राज्यांतील 1990 ते 2007 या काळाची मृत्यूची नोंद या कीटकाच्या फैलावाशी ताडून पाहिली, तेव्हा कीड पोचलेल्या भागांत हृदयरोगाचे 15,080 आणि श्वसनमार्गाच्या विकारांचे 6,113 मृत्यू अपेक्षेपेक्षा अधिक झाल्याचा हिशेब निघाला. भुंगेरा काही माणसांची मिळकत पाहून झाड निवडत नाही, हेच या पुराव्याचे बळ. झाडे गेली म्हणूनच माणसे गेली असे मात्र त्यावरून शपथेवर सांगता येणार नाही. आपल्या मुंबईतही मागल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या उपद्रवाने विलायती शिरीषाचे, म्हणजे ज्याला सगळे ‘रेन ट्री’ म्हणतात त्या वृक्षाचे, जुने विस्तीर्ण डेरे एकामागून एक वठले. त्या रस्त्यांवरच्या दवाखान्यांतील गर्दी कमी-जास्त झाली का, हे पाहण्याची बुद्धी कोणाला झाली असती तर बरे झाले असते.

निसर्गाचा संबंध केवळ डोळ्यांशी आणि मनाशी नाही. तो कातडीशी, आतड्याशी आणि रक्ताशीही आहे. फिनलंडमधील काही बालवाड्यांच्या खडी पसरलेल्या अंगणांत संशोधकांनी जंगलातील तळजमिनीचे गालिचे, म्हणजे शेवाळ, झुडपे आणि काळी माती यांचे थर, उचलून आणून अंथरले आणि तीन ते पाच वर्षांच्या मुलांना त्यात मनसोक्त खेळू दिले. अवघ्या 28 दिवसांत मुलांच्या त्वचेवरील उपकारक सूक्ष्मजीवांची विविधता वाढली, आणि रोगप्रतिकारक शक्तीला उगाच पिसाळू न देणाऱ्या पेशींचे रक्तातील प्रमाणही सुधारले. दमा आणि अ‍ॅलर्जी हे विकार शहरांत का बळावतात याचे एक कारण, आपली प्रतिकारशक्ती लहानपणी मातीतल्या निरुपद्रवी जंतूंच्या संगतीत शिकून तयार होते आणि फरशीवर वाढलेल्या मुलाला ते शिक्षणच मिळत नाही, हे असावे असे या शाखेतले लोक मानतात. मातीत खेळलेल्या नातवाला आजी पायांवर पाणी घालूनच घरात घेत असे, पण खेळू नको असे म्हणत नसे, एवढे येथे नमूद करण्यास हरकत नाही. चीनमधील ग्वांगझौ शहरात बारा शाळांत असाच एक साधा प्रयोग झाला: सहा शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटांचा एक जादा तास उघड्यावर दिला, सहा शाळांचे वेळापत्रक होते तसेच ठेवले, आणि तीन वर्षांनी पाहिले तो जवळचेच दिसणाऱ्या, म्हणजे चष्मा लागलेल्या मुलांचे प्रमाण पहिल्या गटात 30.4 टक्के आणि दुसऱ्यात 39.5 टक्के निघाले. येथे श्रेय पानांचे नव्हे, मोकळ्या आभाळातून येणाऱ्या प्रखर उजेडाचे आहे. पण तो उजेड वर्गाच्या नळदिव्यांत मिळत नाही, मैदानातच मिळतो.

एवढे सांगून झाल्यावर उलट बाजू न सांगणे अप्रामाणिक ठरेल. जे जे हिरवे ते ते हितकर, असा काही सृष्टीचा नियम नाही. 1950 नंतरच्या दशकात पुण्याच्या परिसरात जे परदेशी गाजरगवत प्रथम दिसले आणि मग देशभर पसरले, ज्याला लोकांनी काँग्रेस गवत असे मिश्किल नाव दिले, त्याच्या स्पर्शाने हातापायांवर आणि चेहऱ्यावर उठणाऱ्या चिवट त्वचारोगाने कित्येकांना वर्षानुवर्षे जेरीस आणले आहे. अलीकडे रस्त्यांच्या कडेला रांगेने लावलेली सातवीण शरद ऋतूत फुलली की तिच्या उग्र दर्पाने दम्याच्या रोग्यांची घालमेल होते, अशा तक्रारी महानगरपालिकांकडे दरसाल जातात. एखादे झाड लवकर वाढते आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत, एवढ्याच गुणांवर त्याच्या शेकडो प्रती एका रस्त्यावर लावणे हे वृक्षप्रेम नव्हे, आळस आहे. कुंड्यांखालच्या ताटल्यांत साचलेले पाणी डेंग्यूच्या डासाला पुरते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे सुमारे 100 चौरस किलोमीटरांचे अरण्य मुंबईला केवढे वरदान आहे हे सांगावयास नको, परंतु त्याच्या हद्दीला लागून असलेल्या पाड्यांतील माणसाला बिबट्याचे भयही त्याच अरण्यातून येते.

उष्म्याच्या बाबतीत मात्र असे दुमत संभवत नाही. डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि ते रात्री परत करतात. त्यामुळे ज्या रात्रीच्या गारव्यात तापलेल्या शरीराने सावरायचे, तो गारवाच शहरात येत नाही, आणि म्हातारी हृदये तेथे हार खातात. 2010 च्या मे महिन्यात अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर गेला, आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक नोंदले गेले. त्या धक्क्यानेच त्या शहराने पुढे 2013 साली उष्म्याविरुद्ध रीतसर योजना आखली. झाड सावली तर देतेच, शिवाय मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे हवेत सोडून भोवतालची उष्णताही खर्ची घालते. युरोपातील 93 शहरांचा हिशेब मांडून 2023 साली ‘लॅन्सेट’मध्ये संशोधकांनी असे दाखवले की, 2015 च्या उन्हाळ्यात केवळ शहरी काहिलीपायी झालेल्या सुमारे 6,700 मृत्यूंपैकी 2,644 मृत्यू, शहरांचा 30 टक्के भाग वृक्षांच्या छत्राखाली असता तर, टळू शकले असते.

शहरात मोकळी हवा आणि हिरवळ ही आरोग्याची तरतूद म्हणून करावी, हा विचार मुंबईला नवा नाही. तो तिने फार महाग किंमत देऊन घेतला होता. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ग्रंथिक सन्निपाताचे निदान केले, आणि प्लेगाच्या त्या थैमानातून 1898 साली शहर सुधारणा करणारा सरकारी ट्रस्ट जन्माला आला. रोग कोंदट, दूषित हवेतून पसरतो या समजुतीवर ट्रस्टाने दाट वस्त्या पाडल्या, समुद्राचे वारे आत यावे म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, आणि उत्तरेस दादर-माटुंग्याकडे प्रशस्त वसाहती आखल्या. गंमत अशी की, त्याच 1898 साली कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने प्लेग उंदरावरच्या पिसवांमार्फत पसरतो हे दाखवून दिले. म्हणजे ट्रस्टाची उपपत्ती चुकीची होती. पण चुकीच्या उपपत्तीतून निघालेली दादरची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनीतले मंचरजी जोशी यांच्या निगराणीखाली रस्त्यारस्त्याला निवडून लावलेले वृक्ष आणि माटुंग्याची पाच उद्याने आजही त्या भागातील रहिवाशांना भर उन्हात सावलीतून चालू देतात. फक्त ज्यांची घरे पाडली गेली ते गिरणीकामगार आणि हमाल तेथे राहावयास गेले नाहीत. पाडलेल्या खोल्या पुष्कळ आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या थोड्या, म्हणून ते शेजारच्या चाळींत आणखी दाटीवाटीने शिरले.

हा भाग इतिहासाचा म्हणून सोडून देता येत नाही. इंग्लंडमध्ये 2008 साली रिचर्ड मिचेल आणि फ्रँक पॉपहॅम यांनी देशभरच्या मृत्यूंची छाननी करून जे दाखवले ते असे: जेथे हिरवळ सर्वांत कमी, तेथे सर्वांत गरीब थरातील मृत्यूचे प्रमाण सर्वांत श्रीमंत थराच्या 1.93 पट होते. जेथे हिरवळ सर्वांत अधिक, तेथे ते 1.43 पटीवर आले होते. श्रीमंताला झाड नसले तरी वातानुकूलित खोली असते, क्लब असतो, शनिवार-रविवारचा लोणावळ्याचा बंगला असतो; दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याला रस्त्याच्या कडेचा पिंपळ आणि त्याचा पार एवढेच असते. त्यालाच बागेच्या फाटकावर दुपारी कुलूप दिसते आणि आत गेल्यास हिरवळीवर बसू नये अशी पाटी दिसते. बाग पाहण्यासाठी आहे, वापरण्यासाठी नाही, ही आपल्या उद्यानखात्यांची निष्ठा कोणत्या काळापासून चालत आली आहे, याचा शोध एखाद्या इतिहाससंशोधकाने घ्यावा.

आपला कायदाही झाडे मोजतो, अंतर मोजत नाही. नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा महाराष्ट्राचा अधिनियम 1975 चा. 2021 साली त्यात दुरुस्ती होऊन 50 वर्षांवरील झाडांना वारशाचा दर्जा मिळाला आणि तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी रोपे भरपाईदाखल लावावीत असे ठरले. कागदावर ही तजवीज उदार आहे. पण नाक्यावरच्या साठ वर्षांच्या वडाबद्दल शहराच्या दुसऱ्या टोकाला साठ रोपे लागली, तर वृक्षांची संख्या वाढूनही त्या नाक्यावर रोज बस पकडणाऱ्या माणसाच्या वाट्याला ऊनच आले. नगरवृक्षांचे डच अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी 2021 साली सुचवलेला मापदंड मला म्हणूनच अधिक शहाणपणाचा वाटतो: प्रत्येक घरातून तीन झाडे दिसावीत, प्रत्येक वस्तीचा 30 टक्के भाग झाडांच्या छत्राखाली असावा, आणि प्रत्येकाच्या घरापासून 300 मीटरांच्या आत एक बाग असावी. बार्सिलोनातील सुमारे 3,000 रहिवाशांना ही फूटपट्टी लावून पाहिली, तेव्हा तिन्ही अटी पुऱ्या होणारे जेमतेम 4.7 टक्के निघाले. तेव्हा भुलेश्वरात किंवा कसबा पेठेत काय निघेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. तेथे 300 मीटरांवर नवी बाग आणून ठेवणे कोणत्याही आयुक्ताच्या आवाक्यातले नाही. पण पहिली अट, तीन झाडांची, आवाक्यातली आहे, कारण त्यांतली पुष्कळ झाडे उभीच आहेत. प्रश्न ती टिकण्याचा आहे. पदपथाचे काम निघाले की ठेकेदार बुंध्याच्या सालीपर्यंत काँक्रीट भिडवतो, मुळांना हवा आणि पाणी मिळेनासे होते, आणि असे झाड दोन-चार वर्षे तग धरून एखाद्या जूनच्या वादळात रिक्षेवर आडवे होते, म्हणून मग त्याच रस्त्यावरची उरलेली झाडे धोकादायक ठरवून छाटण्यासाठी दरखास्त येते. बुंध्याभोवती मीटरभर माती उघडी ठेवावी, एवढी एक ओळ टेंडरात घालण्यासाठी कायद्यात दुरुस्ती लागत नाही. ती वॉर्ड ऑफिसातल्या कनिष्ठ अभियंत्याला घालता येते.